चाळीसच्या पुढचा आकडा

कॅल्डर्स फोर्ज, ओहायो
रविवार, २ ऑक्टोबर १९०४

गॉमर,

आधी माशाचं सांगून टाकतो. तू गेलास त्या दिवशी तुझ्या ट्रंकेत सदऱ्यांच्या तळाला जो मेलेला मासा निघाला असेल, तो मीच ठेवला होता. तेव्हा मी रागात होतो. नदीपलीकडं ऑर्म्सबीला पोचेपर्यंत वास आला का रे? आला असेल तर बरं झालं, असं तेव्हा वाटलं असतं. आता नाही वाटत.

तू राहतोस कुठं ते इथं कुणालाच ठाऊक नाही. नदीपार नेणारा नावाडी म्हणाला की तुमच्या फुटबॉल टीमचं सगळं टपाल तुमचा मॅनेजर स्टोडार्ड याच्या हॉटेलात येतं. म्हणून त्यांच्या मार्फत पाठवतोय. स्टोडार्डसाहेबांना माझा नमस्कार सांग. आमचा कॅप्टन त्यांनी पळवला, तरी सांग.

घरचं म्हणशील तर बाबांनी तुझी खुर्ची कोळशाच्या खोलीत नेऊन ठेवली. तुझं नाव काढत नाहीत. परवा चॅपलमध्ये कुणी विचारलं, "डॅनियल, तुझा थोरला कसा आहे?" तर म्हणाले, "रीस बरा आहे." म्हणजे बसल्या जागी मी थोरला झालो. आई मात्र अजून चार बश्या मांडते आणि मग एक उचलून ठेवते. रोज.

आता मोठी बातमी. तुझ्या जागी हॅनिगन कॅप्टन झाला आणि त्यानं मला क्वार्टरबॅक केलं. हसू नकोस. म्हणाला, "तू बुटका आहेस, पण तुझा आवाज भोंग्यासारखा आहे आणि तोंड कधी मिटत नाही, तर त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे." म्हणजे चेंडू कुठल्या बाजूला न्यायचा ते सांगणारे आकडे आता मी ओरडतो. जूनपासून केस कापले नाहीत, डोक्याला गादी पाहिजे ना. आई मला मेंढरू म्हणते. हॅनिगनच्या टकलाचं काय करायचं हा प्रश्नच आहे, त्यानं लोकरीची टोपी शिवून घेतलीय आणि तिच्याबद्दल कुणी बोललं की मारतो.

तुझ्या वेळचे आकडे आम्ही टाकून दिले. आता मी तीन आकडे ओरडतो, पण खरा फक्त मधला. सम आला की मुसंडी उजवीकडं, विषम आला की डावीकडं. हे डोक्यात पक्कं बसावं म्हणून मी जेवतानाही तेच करतो. "सात-चार-नऊ" म्हटलं की आई बटाट्याचं भांडं उजवीकडं सरकवते. "सहा-पाच-दोन" म्हटलं की डावीकडं, म्हणजे बाबांच्या पुढ्यात. काल बाबा म्हणाले, "ह्या घरात बटाटा मागायला तोंड नाही का कुणाला?" पण चार म्हटल्यावर हात मात्र त्यांचाही उजवीकडं गेला. मी पाहिलं.

बावीस तारखेला आमच्या मैदानावर भेटूच. तुला आपटणार आहे, सांगून ठेवतो.

तुझा,
रीस

*

कॅल्डर्स फोर्ज
रविवार, २३ ऑक्टोबर

गॉमर,

सतरा-शून्यनं हरलो. बोल आता.

तू मला दोनदा आपटलंस त्याची तक्रार नाही. डावी बरगडी अजून दुखतेय, श्वास घेतला की तुझी आठवण येते. ते सोड. पण तुमची रांग बघितलीस का तू? म्हणजे तू रांगेतच होतास, तुला काय दिसणार. मला दिसली. मी "चार" म्हणायचा अवकाश, तुमचे सहा-सात जण उजवीकडं सरकलेले. "पाच" म्हटलं की डावीकडं. आमचं पोरगं चेंडू घेऊन जायचं आणि समोर जत्रा भरलेली असायची. पाच यार्ड पुढं जायला तीन संधी मिळतात, आम्ही तिन्हीत मागंच आलो. शेवटी मी एकदा नुसतं "चहा घेणार का" असं ओरडलो, तेव्हा कुठं दोन यार्ड मिळाले.

कुणीतरी आकडे फोडले. हे आता गावात शाळेतल्या पोरालाही कळलंय.

मॅच संपल्यावर तू माझ्याकडंच येत होतास ना? मला तसं वाटलं. मग आमच्या लोकांनी लोखंडाच्या भट्टीतले जळके खडे फेकायला सुरुवात केली आणि तू मागं फिरलास. कानाला लागलं का?

पत्राचं उत्तर दिलं नाहीस. माशामुळं असेल तर तसं लिही, उगाच मौनव्रत कशाला.

आता संशय कुणावर, ते ऐक. आमच्याकडं एक स्मिथ आलाय. दर शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो, खेळतो, संध्याकाळच्या गाडीनं जातो. खरं नाव स्मिथ नाही, ते तर उघडच आहे, कॉलेजची पोरं कधी खऱ्या नावानं आपल्यात पैसे घेऊन खेळतात का. आणि त्यांना नाव विचारायचं नाही हा आपला रिवाज. पण हा फारच गप्प आहे. शिवी देत नाही. कुणी पायावर पाय दिला तर "माफ करा" म्हणतो, आणि तेही पाय ह्याचाच चेंगरलेला असताना. शिवाय स्टेशनवर उतरला की पहिल्यांदा पोस्टात जातो आणि एक जाडजूड पाकीट टाकतो. दर शनिवारी.

मी हॅनिगनला म्हटलं, "हा माणूस एवढं कुणाला लिहितो?"

हॅनिगन म्हणाला, "तुला लिहिता येत नाही म्हणून दुसऱ्यानं लिहू नये का?"

पण नंतर बराच वेळ तो टोपी काढून टक्कल खाजवत बसला होता.

मी ह्या स्मिथचा छडा लावणार आहे.

रीस

*

कॅल्डर्स फोर्ज
रविवार, ६ नोव्हेंबर

गॉमर,

अजून तुझी एक ओळ नाही. बरं.

स्मिथचं सांगतो. मागच्या शनिवारी तो स्टेशनवरून निघाला तसा मी त्याच्या मागं दहा पावलांवर लागलो आणि रस्ताभर हाका मारत गेलो. "ए आर्थर." काही नाही. "ए फ्रँक. ए हर्बर्ट. ए क्लॅरेन्स." लोक खिडक्यांतून बघायला लागले. न्हाव्याच्या दुकानातून एक खरा क्लॅरेन्स बाहेर आला, अर्ध्या तोंडाला साबण, त्याची वेगळी समजूत काढावी लागली. स्मिथ मात्र सरळ चालतोय. मग मी आडनावं सुरू केली. मग गावांची नावं. मग मला कंटाळा आला आणि मी चॅपलमधल्या म्हाताऱ्या बायकांच्या आवाजात म्हटलं, "रेव्हरंड, एक मिनिट हं."

जागच्या जागी वळला. डोक्यावरची टोपीसुद्धा काढली.

मग मला बघून असा लाल झाला की काय सांगू.

त्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "रीस प्रॉसर, मी पाद्री व्हायला शिकतोय. अजून झालेलो नाही. कॉलेजला कळलं तर मला काढून टाकतील, आणि आईला कळलं तर त्याहून वाईट. कृपा करून कुणाला सांगू नकोस."

मी म्हटलं, "मग पोस्टात काय टाकता?"

"आईला पत्र. शनिवारी मी भजनाच्या तालमीला असतो असं तिला वाटतं. गाडीत बसून तालमीचं वर्णन लिहितो."

मी विश्वास ठेवला नाही. त्याचं पाकीट मी पोस्टाच्या खिडकीवरून मारलं आणि आईच्या किटलीच्या वाफेवर उघडलं. खरंच तालमीचं वर्णन होतं, चार पानं. कुणाचा सूर कुठं घसरला ते सगळं. इतकं झकास खोटं मी जन्मात वाचलं नाही. मला एवढं वाईट वाटलं की पुन्हा चिकटवून मी स्वतः टपालात टाकलं, वर त्याला टोपीभर अक्रोड दिले.

म्हणजे स्मिथ सुटला.

पण मी अडकलो. मंगळवारी सकाळी आपल्या दारावर कुणीतरी डांबरानं लिहिलं होतं, "नदीपलीकडं जा". बाबांनी ब्रश घेतला आणि घासत बसले. भट्टीवरच्या पाळीला उशीर झाला त्यांना, चौदा वर्षांत पहिल्यांदा. आई म्हणाली, "राहू दे, मी घासते," तर म्हणाले, "माझं दार आहे."

हॅनिगननं मला भट्टीमागं नेलं. "रीस, मी तुला विचारतो, एकदाच. तुम्ही दोघं भाऊ. एक तिकडं, एक इकडं. लोक काय म्हणतात ते तुला कळतंय ना?"

मी म्हटलं, "माझा त्याच्याशी काही संबंध नाही."

मी तुला लिहितो हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

"आकडे बदल," तो म्हणाला. "आणि ह्या वेळी फुटले तर तुझ्या घराच्या काचांची जबाबदारी माझ्यावर नाही. मी अडवायला जाणार नाही, आत्ताच सांगतो."

मी आमची अकरा माणसं बोटांवर मोजली. एकेकाला उलटंपालटं करून बघितलं. कुणीच बसत नाही. अकराच्या बाहेर कोण असं आहे की ज्याला मधल्या आकड्याचं

आई हाक मारतेय. संपवतो.

रीस

*

कॅल्डर्स फोर्ज
रविवार, २० नोव्हेंबर

प्रिय गॉमर,

चार दिवसांवर थँक्सगिव्हिंग आलं. तुझ्या गावच्या मैदानावर मॅच, म्हणजे आई म्हणते टर्की सकाळी नऊला खायची. नऊला टर्की कुणी खातं का? बाबा म्हणाले, आम्ही त्या गावात पाय ठेवणार नाही. मग मैदान कुठल्या बाजूला येतं ते मात्र विचारत होते.

इकडं सगळं मजेत. पाऊस, चिखल. माझी बरगडी बरी आहे.

नवे आकडे भारी जमलेत. मधल्याची भानगड संपली, आता सगळं पहिल्या आकड्यावर. पहिला आकडा चाळीसच्या पुढचा आला की सगळेच्या सगळे पाचर करून डावीकडं घुसणार, आमच्या डाव्या हाताला. स्मिथ टोकाला, मागं हॅनिगन, त्याच्या मागं बाकीची म्हशींची दावण. ही पाचर आम्ही एकदाच वापरणार आहोत, अगदी शेवटी, म्हणून तिची कुणाला कल्पना नाही. तुला म्हणून सांगतोय.

फक्त तुला सांगतोय, गॉमर.

बुधवारच्या टपालानं एखादं कार्ड टाकलंस तरी पुरे. त्यावर काही लिहू नकोस हवं तर. नुसतं पत्ता लिहून टाक.

तुझा भाऊ,
रीस

*

ऑर्म्सबी, हॉस्पिटलच्या खालच्या बाकावरून
शुक्रवार, २५ नोव्हेंबर

गॉमर,

हे पत्र कुणाच्या मार्फत नाही. मी खाली बसलोय. वर सोडत नाहीत, डॉक्टर फेरीवर आहेत म्हणे. नर्स म्हणाली, "द्या, मी देते." मी म्हटलं, "नको." तिनं विचारलं, "माझ्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, "बाई, तुमचा प्रश्न नाही." ती रागावून गेली. म्हणून वाट बघता बघता लिहितोय, कारण समोर आलास की मी विनोद करीन आणि जे सांगायचं ते राहून जाईल. माझं मला माहीत आहे.

सहा तारखेचं पत्र मी मधेच तोडलं, ते आईनं हाक मारली म्हणून नव्हे. लिहिता लिहिता मला बटाट्याचं भांडं आठवलं. मधल्या आकड्याचं अकराच्या बाहेर मी एकाच माणसाला लिहून कळवलं होतं. ते अर्धवट पत्र मी त्याच दिवशी टाकलं तसंच, कारण टाकलं नसतं तर तुला शंका आली असती. म्हणजे मला वाटलं, तुला.

मग दोन आठवडे मी तुझ्यावर संशय घेत जगलो. तुला माहीत नाही ते कसं असतं. लहानपणी तू मला पोहायला शिकवलंस तेसुद्धा मी उलटंपालटं करून बघितलं, की ह्यात ह्याचा काय फायदा होता. तू उत्तर देत नव्हतास त्याचाही अर्थ लागला. म्हटलं, लाज वाटत असेल. माझी पत्रं घ्यायची, आकडे काढायचे आणि लिहायचं काय, म्हणून गप्प.

वीस तारखेचं पत्र सापळा होता. चाळीसच्या पुढचा आकडा म्हणजे डावीकडं, हे खोटं. पाचर उजवीकडं जाणार होती. मी ठरवलं, तुमची रांग डावीकडं सरकली तर तू चोर. नाही सरकली तर घरी जाऊन आईला सांगायचं की बश्या चारच राहू देत.

आमच्या लोकांना सापळ्याचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक की चाळीसच्या पुढं उजवीकडं.

शेवटची पाच मिनिटं राहिली होती. शून्य-शून्य. गुडघाभर चिखल, चेंडू साबणासारखा. तुमच्या गोलरेघेपासून आम्ही बारा यार्डांवर. मी वाकलो आणि ओरडलो, "त्रेचाळीस-आठ-अकरा."

तुमची सगळी रांग सरकली. डावीकडं. कुणी दोरी ओढल्यासारखी. तुमच्या बाकावर स्टोडार्ड उभा होता, हाताची घडी घालून, आणि हसत होता.

आणि तू जागेवर.

उजव्या टोकाला तू एकटा, दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट मोकळा चिखल. तू त्यांच्याकडं मान वळवून ओरडलास, "अरे, कुठं चाललात सगळे?" हे मी ऐकलं. कान शाबूत आहेत माझे.

आता जे लिहितोय त्याच्यासाठी हे पत्र आहे. चेंडू अजून माझ्या हातात आलेला नव्हता. मी आकडा बदलू शकलो असतो. "थांबा" म्हणू शकलो असतो. एक लांब श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ माझ्याकडं होता. आणि त्या वेळात माझ्या मनात काय आलं? की हा मुद्दाम उभा आहे. त्याला सापळा कळलाय, आता भोळ्याचं सोंग करतोय. तू तिथं एकटा उभा असलेला मला दिसत होतास, गॉमर, आणि तरी मी तुझ्यावर संशयच घेतला.

मी चेंडू मागितला.

पुढचं तुला ठाऊक आहे. अकरातले नऊ जण तुझ्यावरून गेले. हाड मोडल्याचा आवाज स्मिथनं पहिल्यांदा ऐकला, कारण तो पाचरीच्या टोकाला होता. रेघ ओलांडल्यावर बाकी सगळे नाचत होते आणि तो एकटा परत पळत आला, चिखलात गुडघे टेकले, स्वतःच्या पट्ट्यानं तुझा हात छातीशी बांधला. मी नुसता उभा होतो. मग तू डोळे उघडून मला म्हणालास, "तीन महिन्यांत एक ओळ लिहिली नाहीस, रीस. आई बरी आहे की नाही एवढं तरी."

तेवढ्यात आमचे लोक आले. मला खांद्यावर उचलून घेऊन गेले.

पाच-शून्य. गावात रात्रभर भोंगे वाजत होते. आपल्या दारासमोर ज्या लोकांनी डांबर फासलं होतं तेच येऊन गात होते, एकाच्या नखात अजून डांबर होतं. हॅनिगननं टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली. मी ती काढून ठेवली तर म्हणाला, "काय झालं रे तुला, जिंकलास की."

स्टोडार्डचं सांगतो. आज सकाळी मी त्याच्या हॉटेलात गेलो. तो गल्ल्याजवळ सिगार ओढत होता. मी म्हटलं, "माझ्या भावाची चार पत्रं."

तो म्हणाला, "कसली पत्रं?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही काल डावीकडं सरकवलेत ती."

त्यानं सिगार खाली ठेवला. मग खण उघडून चारही पत्रं काढून दिली, पाकिटं फोडलेली, सगळ्यांवर कॉफीचे डाग. वर म्हणाला, "तू चांगलं लिहितोस, पोरा. शेवटचं सोडून." आणि तुझ्या जागी वसंतात दुसरा माणूस बघतोय असंही म्हणाला, म्हणजे तुला तिथं काही उरलेलं नाही. मी त्याला काय केलं ते विचारू नकोस. एवढंच सांगतो की त्याच्या हॉटेलातल्या साखरेच्या भांड्यांत आता साखर नाही.

आईला मी अजून सापळ्याचं सांगितलेलं नाही. तू पडलास एवढंच तिला ठाऊक आहे. बाबांनाही. काल रात्री ते बूट न काढताच बसून होते. मला म्हणाले, "कुठलं हाड?"

मी म्हटलं, "गळ्याखालचं. आणि दोन बरगड्या."

"उजव्या की डाव्या?"

"डाव्या."

मग उठून कोळशाच्या खोलीत गेले. मी झोपायला गेलो तोवर बाहेर आले नव्हते.

त्यांना सांगायचं की नाही हे तू ठरव. तू सांग म्हणालास तर मी सांगीन, हॅनिगनलाही सांगीन, मग गावानं काचा फोडल्या तरी चालेल. सांगू नको म्हणालास तर ते ऐकणं मला जास्त जड जाईल, पण ऐकीन. आणि मला बघायचंच नाही असं म्हणालास तर नर्सजवळ तसं सांग. मी संध्याकाळच्या नावेपर्यंत इथंच आहे.

ती चार पत्रं ह्याच्यासोबत आहेत. तारखेप्रमाणं लावलीत. तुझा हात बांधलेला आहे, तुला पानं धरता यायची नाहीत, म्हणजे मलाच वाचून दाखवावं लागेल. मी काही गाळीन किंवा बदलीन अशी शंका तुला येईल, आणि यावीच. तू उशीवर जरा वर सरक. मी कागद असा धरतो की तुलाही अक्षर दिसेल. एकेका ओळीवर नजर ठेव, मी कुठं घसरलो तर तिथंच थांबव.

रीस